ताळा

तीन कोटेशनं टेबलावर, खिडकीबाहेर
किडरमिन्स्टरचा मंगळवार, ओल्या लोकरीचा वास.
"किती तासांचं काम गमावलेलं चालेल तुम्हाला?"
सेल्समन विचारतो. कॅलम नाव त्याचं, वय असेल सव्वीस.
त्याच्या फॉर्मवर या प्रश्नासाठी
एवढासा चौकोन आहे.

मिस्टर ट्रँटर छताकडे बघतात.
गालिच्यांची चौथी पिढी. नऊ हजार नक्ष्या,
त्यात कुठल्याशा हॉटेलच्या जिन्यावरचा तो लाल,
जो फक्त आमच्याकडेच पुन्हा विणून मिळतो.
"एकही नाही," ते म्हणतात.
"मग हे पान," म्हणत कॅलम महागडं पान उलगडतो.

मधे मी. हिशेब माझे, सर्व्हर माझा,
सर्व्हर बसला की शिव्याही माझ्याच.

डबा इथेच ठेवला, अगदी दोन डिस्क मेल्या तरी तगणारा,
तर स्टाउर नदी लोडिंगच्या पायरीला
दोनदा शिवून गेलेली.
सगळं ढगात पाठवलं, तर आमची लाइन सुतासारखी,
पहिली प्रत वर चढायला एकोणीस दिवस.
आणि खाली उतरायला?
ते कुठल्याच कोटेशनमध्ये नाही.
मी विचारते. कॅलम पेनाला टोपण लावतो.

"सध्या काय करता?"

सध्या डोरीन आहे.
दर शुक्रवारी साडेचारला ती टेप काढते,
शॉर्टब्रेडच्या पत्र्याच्या डब्यात घालते,
आणि बसने नेते टेकडीवरच्या घरी,
जिथे नदी कधी पोचायची नाही.
चौदा वर्षं. एकदा बर्फातून चालत.
नवऱ्याच्या बाजूच्या कपाटात ठेवायची.
नवरा गेला, टेपची जागा तीच.

काल रात्री मी ती टेप लावून पाहिली.
नवं घेण्याआधी जुन्याचं वजन करावं, एवढंच मनात.
यंत्र घरघरलं, बराच वेळ घरघरलं,
आणि काही नाही.
मागच्या शुक्रवारची लावली. काही नाही.
त्याच्या मागची.
लॉगमध्ये सापडलं शेवटी: कुणीतरी पासवर्ड बदलला,
सात वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये,
तेव्हापासून यंत्र दर आठवड्याला
कोरी टेप अदबीने बाहेर देत होतं.
हिरवा दिवा लागत होता.

आमच्या सांगलीकडे हळद पेवात ठेवत.
पेव उघडलं की कुणी लगेच उतरत नसे,
आधी दोरीने कंदील सोडत.
कंदील विझला तर हळद असली काय, नसली काय.
आणि शाळेत गुणाकार झाला की बाई म्हणायच्या,
उत्तर बरोबर वाटतंय ना? मग ताळा कर.

चौकोनात मी चार लिहिलं.
ट्रँटरसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, बोलले नाहीत.
एक डबा वरच्या मजल्यावर,
दुसरा वूस्टरच्या गोदामात, रात्री दोननंतर
बदललेलं तेवढंच तारेवरून जाणार.
शिवाय करारात एक ओळ माझ्या हाताने:
दर महिन्याला एक नक्षी, आम्ही सांगू ती,
आमच्यादेखत परत आणून दाखवायची.
"कोण सांगणार?" कॅलम.
"डोरीन."

तिने पहिल्याच महिन्यात मागितली चव्वेचाळीस सतरा.
पट्टी सरकत राहिली. चहा निवला.
मग वरून खाली, रांगेमागून रांग,
हिरवी पानं, काळ्यावर.
डोरीनने चष्मा पुसला, पडद्यावर बोट टेकवलं,
कडेपासून मोजत गेली, आणि थांबली.
"हा टाका चुकला होता माझा. पंच्याऐंशी साली.
कुणाच्या लक्षात आला नव्हता."
टाका तिथेच होता,
पान असायला हवं तिथे काळा.

टेपांचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.
शुक्रवारी साडेचारला ती उठते,
आणि शॉर्टब्रेडचा डबा पिशवीत घालते.